तोरणमाळ की पाटणादेवी? पहिल्या लँडस्केप ट्रिपआधी आणि नवी लेन्स घेण्याआधी

एकच शनिवार-रविवार मोकळा आहे, कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आहे (हे आकडे मिलिमीटरचे, म्हणजे एमएमचे; आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ) आणि साठवलेल्या पैशांत एकच मोठी वस्तू बसते. माझ्या भाच्याने परवा धुळ्याहून फोन केला. "मामा, पहिली ट्रिप तोरणमाळला करू की पाटणादेवीला? आणि जाण्याआधी दहा-अठराची वाइड लेन्स घेऊनच टाकू ना?" फोनवर मी दिलेलं उत्तर अर्धवट होतं. दोन्ही ठिकाणी मी बरीच वर्षं जातोय आणि दोन्हीकडे चुकलोय, म्हणून आता नीट लिहितो. त्याच्यासारखे विचारणारे आणखीही असतील.

त्याने दोन प्रश्न विचारले, पण प्रश्न एकच आहे. जागा ठरली की लेन्स ठरते. मी उलटं केलं होतं. लेन्स आधी घेतली आणि ती जिथे लागू पडत नाही तिथेच पहिल्यांदा घेऊन गेलो.

खान्देशाच्या दोन कडांना दोन डोंगररांगा आहेत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मध्ये तापी-गिरणेचं काळ्या मातीचं सपाट खोरं. तोरणमाळ सातपुड्याच्या माथ्यावर, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, सुमारे ११४३ मीटर उंचीवर आहे. पाटणादेवी सातमाळ्याच्या पायथ्याशी, चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे. तोरणमाळला आपण वर उभं राहून खाली बघतो, पाटणादेवीला खाली उभं राहून वर. कॅमेऱ्याच्या दृष्टीने सगळा फरक इथूनच सुरू होतो.

तोरणमाळ

शहाद्याहून साधारण ५५ किलोमीटर. शेवटी सातपायरी घाट चढला की पठार लागतं. यशवंत तलाव, सीताखाई, कमळांचा तलाव, मच्छिंद्रनाथाची गुहा, गोरक्षनाथाचं मंदिर, सगळं एकमेकांपासून फार लांब नाही. मुक्कामाची सोय वरच आहे आणि या जागेची खरी ताकद तीच. पहाटे तांबडं फुटायच्या आधी तुम्ही तलावाच्या काठावर असू शकता आणि संध्याकाळी सूर्य गेल्यावरही अर्धा तास आकाशाचा रंग बदलताना बघत थांबू शकता. थंडीत, वारा उठायच्या आधी, तलावाचं पाणी आरशासारखं असतं. हा अवधी फार तर तासाभराचा.

मी पहिल्यांदा गेलो तो ऑगस्टमध्ये, नव्या कोऱ्या १०-१८ लेन्ससह. वजन नको म्हणून ५५-२५० घरी ठेवली. दीड दिवस पठारावर ढग बसून होता, सीताखाईच्या कठड्यापलीकडे नुसता पांढरा पडदा. दुसऱ्या दिवशी दुपारी वीस-पंचवीस मिनिटं उघडलं. समोर डोंगरांच्या एकामागे एक पाच-सहा घड्या, प्रत्येक मागची घडी पुढच्यापेक्षा फिकट, त्यांतून ढगांचे पुंजके सरकताहेत. मी १० एमएमवर धडाधड फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक फोटोत खाली ओलं गवत आणि खडक, वर राखाडी आकाश, आणि मध्ये बोटभर जाडीची डोंगररेघ. डोळ्यांनी जे पाहिलं होतं ते सगळं त्या रेघेत दडपून गेलं होतं.

कारण साधं आहे. वाइड लेन्स जवळचं मोठं आणि लांबचं बारीक करते. जवळ सांगण्यासारखं काही असेल, एखादा दगड, झरा, फुलं, तरच ती कामाची. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की जवळ काहीच नसतं, जे आहे ते सगळं लांब. तिथे १०० ते २०० एमएमची लेन्स घड्या एकमेकींच्या जवळ आणते आणि खोलीला वजन येतं. तोरणमाळला जाणार असाल तर ५५-२५० ही पहिली लेन्स. पुढे एका ऑक्टोबरात, पावसाने हवा धुऊन काढल्यावर, तीच घेऊन गेलो आणि तो फोटो मिळाला. मधे चौदा महिने गेले होते.

मे महिन्यात मात्र लांब लेन्सचाही उपयोग नाही. तापलेल्या खोऱ्यातून हवेच्या लाटा उठतात आणि लांबचा डोंगर दुपारी पाण्यात पाहिल्यासारखा थरथरतो. तो दोष लेन्सचा नसतो.

वाऱ्याचंही सांगायला हवं. कड्यावर वारा थांबत नाही. ट्रायपॉडची मधली दांडी वर ओढून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणायची सवय असेल तर ती इथे सोडा. दांडी खाली, पायांचे जाड भाग आधी उघडलेले, आणि दांडीच्या हुकाला पिशवी अशी लटकवलेली की ती जमिनीला थोडी टेकेल. नुसती लोंबकळली तर वाऱ्याने तीच झोके घेते आणि ट्रायपॉड हलवते.

पाटणादेवी

इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे जास्त शिकलो.

तीन बाजूंनी डोंगर, मध्ये दाट झाडी, चंडिकादेवीचं मंदिर, हेमाडपंती महादेव मंदिर, पावसाळ्यात केदारकुंड आणि धवलतीर्थाचे धबधबे. वर कण्हेरगड आणि त्याच्या पोटातली लेणी, आणखी वर गेलं की पितळखोरे. अभयारण्य असल्याने अंधार पडेपर्यंत आत रेंगाळता येत नाही. सूर्योदय-सूर्यास्ताची रंगीत आकाशं हवी असतील तर ही जागा तुमची निराशा करेल.

पण पावसाळ्यात, ढगाळ दिवशी, इथे दिवसभर काम करता येतं. वरच्या ढगांतून मऊ उजेड झिरपतो आणि झाडांखाली सावल्यांचे काळे डाग पडत नाहीत. सकाळी नऊला काढलेला ओढ्याचा फोटो आणि दुपारी दोनला काढलेला फोटो, उजेड जवळपास तोच. तोरणमाळला दिवसाचे दोन तास हाती लागतात, इथे सहा. नवशिक्याला हा फरक फार मोठा आहे, कारण त्याला हात बसेपर्यंत शंभर वेळा तेच करून पाहायचं असतं.

उन्हाचा हिशेबही इथे पाहण्यासारखा आहे. दरी रांगेच्या उत्तर अंगाला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलेले कडे दिवसाचा बराच वेळ सावलीत राहतात. डिसेंबरात गेलात तर निळसर, थंड, विझलेले कडे दिसतात. मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि तो उगवतो-मावळतोही उत्तरेकडे कलून. त्या दिवसांत पावसाने उघडीप दिली तर सकाळचं तिरपं ऊन याच कड्यांवर पडतं आणि दगडाचा प्रत्येक थर उठून दिसतो. मला हे कळायला तीन हिवाळे फुकट गेले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख याच पाटण्यात सापडला. ज्या गावात ज्योतिषाचा मठ होता तिथे सूर्य कुठून येतो हे न बघता मी जात होतो, याची मला आजही खंत आहे.

केदारकुंडावरच्या चुका आता एकेक करून सांगतो.

पहिल्या वेळी चाळीसगावपासून गाडीचा एसी सुरू होता आणि कॅमेरा सीटवर. गाडीतून उतरून लेन्सचं झाकण काढलं आणि काच पांढरी झाली. थंड काचेवर दमट हवेतलं पाणी धरतं, पुसलं तरी पुन्हा धरतं. रुमालाने पुसत बसलो आणि काचेवर तेलकट ओरखाडे उमटले. आता शेवटची पंधरा-वीस मिनिटं एसी बंद करून काचा खाली करतो. पिशवीही बंदच ठेवतो. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या पिशवीत राहू देत नाही, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते ती अशाच पिशव्यांमधून.

दुसऱ्या वेळी पाणी दुधासारखं दिसावं म्हणून अर्ध्या सेकंदाचे चाळीसेक फोटो काढले, सगळे ट्रायपॉडवर. मोठ्या पडद्यावर पाहिले तर खडकांच्या कडा हलक्या पुसट. लेन्सवरची थरथर रोखणारी आयएसची कळ चालू राहिली होती. कॅमेरा घट्ट बसलेला असताना ती यंत्रणा नसलेली थरथर शोधत राहते आणि स्वतःच चित्र हलवू शकते. ट्रायपॉडवर चढवताना कळ बंद, हातात घेताना चालू. शिवाय बटण बोटाने दाबायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा.

तिसऱ्या वेळी हे सगळं नीट होतं, पण गर्द झाडीत कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांना झगझगीत दिसला, त्यावर विश्वास ठेवून मी सगळे फोटो अंधारे काढले. तेव्हापासून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघतो. आलेख उजव्या भिंतीला चिकटला तर पाण्याचा पांढरा रंग जळाला, म्हणजे तपशील जाऊन नुसता कोरा झाला, डावीकडे गोळा झाला तर झाडी काळी पडली. आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढतो. जेपेगमध्ये जळालेलं पाणी परत येत नाही. रॉमध्येही पूर्ण जळालेलं येत नाही, पण थोडं हाताशी राहतं.

चौथी चूक कॅमेऱ्याची नव्हती. ओढ्यात मधल्या खडकावर ट्रायपॉड लावून बसलो होतो. आमच्याकडे पाऊस नव्हता. गुरं घेऊन परतणारा एक म्हातारा काठावरून ओरडला, "वर पानी पडी ऱ्हायनं, निंघा भाऊ!" मी आणखी दोन फोटो काढले आणि मग निघालो. दहा मिनिटांत तो खडक पाण्याखाली गेला. वरच्या कड्यावर पडलेला पाऊस खाली उशिरा, पण एकदम येतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली की फोटो तिथेच सोडायचा. त्या म्हाताऱ्याचं मी दुसऱ्या हाकेपर्यंत ऐकलं नाही, ते चुकलंच.

मग पैसे कशावर घालायचे

पाटणादेवीसाठी ट्रायपॉड आणि एक सीपीएल (पोलरायझर) फिल्टर. १८-५५ पुरते. सीपीएल ओल्या पानांवरची आणि खडकांवरची पांढरी चकाकी काढतो, हिरवा रंग खोल होतो, पाण्याखालचे गोटे दिसू लागतात. नंतर संगणकावर हे करता येत नाही, कारण चकाकीखालचा रंग फोटोत आलेलाच नसतो. शिवाय तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे ढगाळ दिवशी एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान) आणि आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता कमी) वर पाव ते एक सेकंदाचं शटर आपसूक मिळतं. वेगळा एनडी फिल्टर, म्हणजे नुसता उजेड कमी करणारा, सुरुवातीला नको. वाऱ्याने पानं हलत असतील तर जागा न बदलता आयएसओ वाढवून, १/१२५ सेकंदावर दुसरा फोटो घ्या आणि नंतर संगणकावर दोन्ही जोडा.

फोकससाठी १८ एमएम, एफ/८ वर साधारण दोन मीटरवरच्या दगडावर फोकस धरला तर एक मीटरपासून डोंगरापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एवढं पाठ झालं की समोरचा दगड की मागचा धबधबा, हा घोळ संपतो.

तोरणमाळसाठी ५५-२५०. ट्रायपॉड तिथेही हवाच, आणि हलका स्वस्त चालणार नाही.

आता कॅनन वापरणाऱ्यांनी एक मोजमाप बघावं. एसटीएम (कॅननची फोकस-मोटर) असलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही लेन्सना ५८ एमएम व्यासाचा फिल्टर बसतो. १०-१८ ला ६७ एमएम लागतो. म्हणजे वाइड लेन्स घेतली की फिल्टरही दुसरा. आणि १० एमएमवर दृश्य इतकं रुंद असतं की सीपीएल लावला तर निळ्या आकाशात मध्येच गडद पट्टा पडतो. वाइड लेन्स वाईट नाही. केदारकुंडाच्या पुढ्यात, हातभर अंतरावरच्या शेवाळलेल्या दगडासाठी मी आज तीच लावतो. तोरणमाळच्या काळ्याभोर रात्री ताऱ्यांसाठीही लावतो. पण ती तिसरी खरेदी आहे, पहिली नव्हे.

लळिंग किल्ला, मुडावदचा तापी-पांझरा संगम, चांगदेवजवळचा तापी-पूर्णा संगम, यांची नावंही लोक सुचवतील. एका सकाळच्या सरावाला उत्तम, पण ट्रिपचा निर्णय त्यांच्यावर अडत नाही.

परत जाता येईल ती जागा

माझा कौल पाटणादेवीला आहे, आणि त्यातला पक्षपात उघड सांगतो. मी पाचोऱ्याचा. रेल्वेने चाळीसगाव, पुढे मिळेल ते वाहन, संध्याकाळी घरी. तोरणमाळला केलेली चूक घरी आल्यावर दिसते आणि ती सुधारायला पुढचा हंगाम उजाडावा लागतो. पाटणादेवीची चूक पुढच्या रविवारी सुधारता येते. केदारकुंडाचे कॅमेऱ्याचे तिन्ही धडे मला एकाच पावसाळ्यात मिळाले, सीताखाईच्या एका धड्याला चौदा महिने लागले. शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या माणसाने हे सगळं उलटं करून वाचावं. त्याच्यासाठी तोरणमाळ हीच रोजची जागा आणि ५५-२५० हीच पहिली लेन्स.

चाळीसगावला गेलातच तर स्टेशनजवळचं केकी मूस यांचं कलादालन बघा. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. कित्येक दशकं ते घराबाहेर क्वचितच पडले आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून त्यांनी निसर्गदृश्यं उभी केली. उजेड कुठून आला की साधा खडा डोंगर वाटतो, हे तिथे समजतं. मी दर पावसाळ्यात पाटणादेवीला जाण्याआधी तिथे तासभर घालवतो.

आणि भाच्या, तुझ्यासाठी. धुळ्याहून चाळीसगाव साठ किलोमीटरच्या आत आहे, तोरणमाळ पाटणादेवीच्या साधारण दुप्पट पडेल. पैसे अजून खर्च करू नकोस. माझा जुना ट्रायपॉड आणि ५८ चा फिल्टर काढून ठेवलाय, दोन-तीन रविवार तो वापर. येत्या रविवारी मी चाळीसगाव स्टेशनबाहेर उभा राहतो. कॅमेऱ्याची बॅटरी भरून आण, पायात घसरणार नाहीत असे बूट घाल, आणि ताईला म्हणावं भाकरी नि ठेचा माझ्यापुरताही बांधून दे.