जळगाव सराफा: हिरा तपासून देणारं दुकान

सुनेच्या अंगठीतला हिरा दुकानदार भाऊंनी दहापट भिंगाखाली धरला आणि मलाही दाखवला. कडेला जांभळट लाल, टोकदार कण. "ताई, तामडा वाटतो, गार्नेट." 'डाग आहे' म्हणून भाव पाडला नाही, हे आवडलं. असे कण बहुतेक दीडशे-दोनशे किलोमीटर खोल, हिरा घडतानाच आत अडकतात. खात्री करायला क्ष-किरण विवर्तन लागतं. हिरा न फोडता कणातल्या अणूंची मांडणी कळते. ब्राझीलच्या हिऱ्यातलं रिंगवूडाइट हे खनिज २०१४ मध्ये ओळखलं, त्यातही हीच पद्धत कामी आली. "ते यंत्र आपल्याकडे नाही," हेही भाऊंनी सरळ सांगितलं. तपासणीचे पैसे वाजवी, पावती लगेच. फक्त बसायला एकच स्टूल, आणि ऐन मे महिन्यात पंखा बंद. जळगावात!