डायव्हिंगच्या आधी राहायला हे रिसॉर्ट घ्या, पण खोली मागच्या बाजूची मागा

समुद्र, वाळू, गच्चीतून दिसणारा सूर्योदय, सगळं फोटोत दाखवलंय तसंच आहे. पण मी इथे उतरले ती पुढे डायव्हिंगची बोट पकडायची होती म्हणून. त्यामुळे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की झोप नीट लागते का, नाक-कान मोकळे राहतात का आणि डायव्हिंगचं सामान तपासायला जागा मिळते का.

सामानाच्या बाबतीत या लोकांना पैकीच्या पैकी गुण. स्विमिंग पूल एका टोकाला चांगला खोल आहे. सकाळी बाकीचे पाहुणे यायच्या आत सामान घेऊन उतरायची परवानगी लगेच मिळाली. अट एकच, सगळं आधी गोड्या पाण्याने धुऊन घ्यायचं. बीसीडी, म्हणजे हवा कमी-जास्त करून पाण्यात तरंगणं सांभाळायचं जॅकेट, तोंडाने फुगवून पाण्याखाली दाबून धरलं, तर खांद्याजवळच्या व्हॉल्व्हमधून बुडबुड्यांची बारीक रांग निघाली. व्हॉल्व्ह उघडला तर रबरी सीलवर वाळूचा एक कण बसलेला. धुऊन परत बसवल्यावर बुडबुडे बंद! हेच बोटीवर, सगळे उडी मारायला तयार असताना कळलं असतं तर केवढी धांदल झाली असती. खाली जाता यावं म्हणून अंगावर बांधायच्या शिशाच्या वजनांचा अंदाज मात्र पूलमध्ये घेऊ नका. खारं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे समुद्रात वजन जास्त लागतं.

आता खोलीचं. समुद्राकडच्या खोलीत एसीचा झोत थेट उशीवर येतो आणि वळवता येत नाही. सुट्टीवर आलेल्याला ते चालून जाईल, डायव्हरला नाही. पाण्यात पहिल्या 10 मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, आणि कानात आतूनही तेवढाच दाब आणावा लागतो, त्यालाच कान मोकळे करणं म्हणतात. नाक चोंदलेलं असेल तर कान मोकळे होत नाहीत, आणि कान मोकळे होत नसतील तर खाली जायचंच नसतं. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरावं म्हटलं, तर तिचा असर पाण्याखाली संपला की वर येताना हवा कानात अडकते. त्यात किनाऱ्यावरच्या बारचं संगीत रात्री उशिरापर्यंत चालू. रिसेप्शनवर सांगितल्यावर त्यांनी कुरकुर न करता मागच्या बाजूची खोली दिली. तिथून समुद्र दिसत नाही, पण पंखा आहे, खिडकी उघडते आणि झोप गाढ लागते.

व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचे मोठे जार ठेवलेत, बाटली हवी तेवढ्यांदा भरा. विमानप्रवासाने अंग कोरडं पडलेलं असतं, त्यामुळे ही सोय मला फार मोलाची वाटली. स्वागताला मद्याचा ग्लास पुढे करतात, तो मी नम्रपणे परत केला.

खटकलं ते चेक-आउट. खोली सकाळी सोडायची आणि बोटीवर घेतात दुपार कलल्यावर. मधल्या वेळात सामान ठेवून घेतात, पूलजवळ अंघोळही करू देतात, पण आडवं व्हायला जागा नाही. इथे डायव्हर सतत येतात, तेव्हा त्यांच्यासाठी एखादी सामाईक खोली ठेवायलाच हवी.

बोटीवरून परतल्यावरही मी इथेच राहणार आहे. सलग काही दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावेत असं सांगतात. तोवर वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, वाळवायला मागच्या अंगणात सावलीतली जाड दांडी आहे.