पद्मिनी की अ‍ॅम्बेसेडर? आधी पाणी आणि पांदण बघा

प्रीमियर पद्मिनी २००० सालच्या सुमारास बंद झाली, अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये. विदर्भात दोन्ही अजून गोठ्याशेजारी, टिनाच्या शेडात उभ्या सापडतात आणि हौशी माणसाच्या खिशाला झेपतात. पण मुंबईचे निकष इथे लावू नका. तिथे गाडीला खारा वारा खातो, इथे मे महिन्याचं ऊन.

खरा फरक हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरच्या झाकणात आहे. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. ४५ अंशांच्या दुपारी रेडिएटर अर्धा बुजलेला असेल तर हेड वाकतं आणि हेड-ब्लॉकमधली पातळ गादी, गॅस्केट, जातं. घेताना थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करा. सतत बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर हेड काढून फेसिंग (वाकलेलं तोंड घासून सपाट) करण्याचा खर्च भावातून वळता करा. आधीच दोन-तीनदा फेसिंग झालेलं हेड मिळालं तर दुसरं शोधावं लागतं.

अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचं हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे. ते तापणं जास्त सोसतं. त्याचं दुखणं वेगळं: शिसेविरहित पेट्रोलवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये, म्हणजे ते टेकतात त्या कडीत, रुततात. टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली बारीक फट) पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर हेच समजा आणि मशीन शॉपमध्ये कडक सीट बसवून घ्या. गिअरबॉक्सच्या तोंडाशी ऑइलचे थेंब दिसले म्हणून सौदा मोडू नका. या इंजिनाला मागच्या बाजूला धड सीलच नाही, थोडं गळणारच. डबकं साचत असेल तर मात्र मेन बेअरिंग झिजलेत.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, राहत असाल तर बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीच घालू नका. क्षार साचून नळ्या बुजतात, आणि पद्मिनीचं हेड आतून पोखरलं जातं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला, दर दोन वर्षांनी बदला. पहिल्याच महिन्यात रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून सफाई) करून घ्या.

उन्हात गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपसूक सुरू होते, ही तक्रार दोन्हींची. पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला, त्यामुळे पेट्रोलची वाफ होते. पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवा. तरी भागलं नाही तर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा मऊ पडतो, म्हणून इथेनॉल सोसणारे पाइप घ्या. गाडी महिनोनमहिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

इंजिन मिस्त्री उभं करतो, पत्रा मात्र पैसा खातो. दोन्ही गाड्यांना वेगळी चेसी नाही, म्हणजे कुजलेला पत्रा हा ताकदीचाच प्रश्न. काळी माती फेंडरच्या आत चिकटून दिवाळीपर्यंत ओल धरते. लोहचुंबक घेऊन जा आणि दारांखालची पेटी, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, जॅक लावायची जागा, मॅटखालचा फ्लोअर तपासा. चुंबक धरला नाही तर खाली लांबी (पुट्टी) भरली आहे. अ‍ॅम्बेसेडरचा पत्रा जाड, गावच्या वेल्डरला जमतो. पद्मिनीच्या पातळ पत्र्याला तो भोकं पाडतो.

पांदण रस्त्यावर अ‍ॅम्बेसेडरच. चाकं १५ इंची, पद्मिनीची १४. मात्र पुढच्या सस्पेन्शनला दर हजार किलोमीटरला ग्रीस लागतं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खडखड आली की काम आहे. पद्मिनीत स्टिअरिंगवरच्या गिअरच्या लिंकेजचे बुश झिजून गिअर अडकतो. काम स्वस्त आहे, घाबरू नका.

सुट्या भागांसाठी पद्मिनीला मुंबईचं कुर्ला, अ‍ॅम्बेसेडरला कोलकात्याचा मलिक बाजार. तालुक्याला फार काही मिळणार नाही.

कागदांत आरसीवरचा इंजिन नंबर स्वतः ताडून बघा. अनेक गाड्यांत नोंद न करता डिझेल इंजिन टाकलेलं असतं, आणि १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला ते अडतं. फेरनोंदणी एका वेळी ५ वर्षांची.

घरापर्यंत डांबरी सडक, पक्कं शेड आणि जवळ चांगला डेंटर असेल तर पद्मिनी घ्या, चालवायला हलकी आहे. बाकी सगळ्यांनी अ‍ॅम्बेसेडर, त्यातही अखंड पत्र्याची, इंजिन बंद असलं तरी चालेल.

आणल्या आणल्या धक्का मारून सुरू करू नका. एअर क्लीनरमध्ये उंदरांचं घर असतं, वायरी कुरतडलेल्या असतात. आधी ब्रेकचे मास्टर आणि व्हील सिलिंडर, मग कूलिंग, मग वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी, तोही पावसाळा सरल्यावर. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते.