मोफत प्रशिक्षणाच्या नावाखाली गेले २२ हजार आणि शाळेचा दाखला

माझ्या बहिणीचा मुलगा हर्णैला बोटीवर जातो. नववीत असताना वडील वारले, तेव्हाच त्याची शाळा सुटली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे खलाशी पोरं घरी बसून असतात. गेल्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत वाडीत एक माणूस आला. हातात फॉर्मचा गठ्ठा, फाइलवर सरकारी योजनेचं चिन्ह. "ताई, शाळा सोडलेल्यांसाठीच आहे ही योजना. तीन महिन्यांत एसी-फ्रिजचं काम शिकवतो, सर्टिफिकेट देतो, नोकरी लावतो."

दापोली-गुहागरकडे किनाऱ्याला एवढे रिसॉर्ट झालेत, पण एसी बिघडला की माणूस मिळत नाही, हे आम्ही रोज बघतो. त्यामुळे बोलणं पटलं. पुढे म्हणाला, फी सरकार भरतं, तुम्ही फक्त २२ हजार डिपॉझिट ठेवा, नोकरी लागली की परत. बहिणीकडे एवढे पैसे कुठले? माझी भिशी नुकतीच लागली होती, ती मी दिली.

मी पतसंस्थेत काम करते. पावती बघून घ्या, असं दिवसभर लोकांना सांगते. ही पावती मात्र मी घरी आल्यावर वाचली. तिच्यावर 'ऐच्छिक देणगी' लिहिलं होतं. क्यूआर कोडवरून भरलेले पैसे संस्थेच्या नाही, एका माणसाच्या खात्यात गेले होते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला 'पडताळणीसाठी' म्हणून त्यांनी ठेवून घेतला.

वर्ग एसटी स्टँडमागे, एका गाळ्याच्या माळ्यावर. भिंतीवर जुना स्प्लिट एसी, त्याचं बाहेरचं युनिट नव्हतंच. सकाळी मशीनवर हजेरीचा अंगठा, संध्याकाळी अंगठा, मधे पोरं मोबाइल बघत बसायची. एक दिवस तपासणीला कुणी साहेब आले. त्या दिवशी सगळ्यांना निळे टी-शर्ट घालायला दिले, हातात पाने-स्क्रूड्रायव्हर देऊन फोटो काढले. साहेबांची गाडी वळली तसे टी-शर्ट उतरवून घेतले.

तो घरी येऊन म्हणाला, "मावशी, तिथे शिकवत नाय काय, नुसता अंगठा घेतात." मी त्यालाच ओरडले. तुझंच लक्ष नसेल म्हटलं. शाळा सोडलेल्या पोराचं घरात कुणी खरं मानत नाही, आणि या लोकांचा धंदा त्यावरच चालतो. माझं ते ओरडणं मला अजून टोचतं.

अंगठा कशाला, ते पुढे कळलं. अशा योजनांत मुलामागे प्रशिक्षण केंद्राला सरकारकडून पैसे मिळतात. म्हणजे त्याच्या नावावर तिकडूनही घेतले आणि आमच्याकडूनही. नोकरी म्हणून चाकणला पाठवलं, तिथे बारा-बारा तास खोकी भरायचं काम. नवव्या दिवशी पोरगा परत आला. आम्ही डिपॉझिट मागायला गेलो तर माळ्याला कुलूप आणि फोन बंद. दुसऱ्या एका केंद्रावर नाव घालायला गेलो, आधार नंबर टाकला, तर याचं प्रशिक्षण झाल्याची नोंद. जे शिकलाच नाही, ते त्याच्या नावावर लागून बसलंय.

आता चौकशी करून जे कळलं ते सांगते, कारण आमच्या वाडीत हे कुणालाच माहीत नव्हतं. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत प्रशिक्षणार्थ्याकडून फी घ्यायचीच नाही. २०१४ ची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना गावाकडच्या गरीब घरातल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे, तीही मोफत. बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत तर राहणं-जेवणसुद्धा फुकट. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत उलट मुलालाच पैसे मिळतात, बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार. तेव्हा डिपॉझिट, नोंदणी, ड्रेस, देणगी, कुठल्याही नावाने पैसे मागितले की तिथूनच उठा. फॉर्म भरण्याआधी तालुक्याच्या आयटीआयमध्ये नाहीतर जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात केंद्राचं नाव विचारून घ्या. आधी एकदा वर्ग चालू असताना न सांगता जाऊन बघा. मूळ दाखला दाखवा, देऊ नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी दोन महिन्यांनी केला.

आणि पोरगा काही सांगत असेल तर ऐका.

त्याला आता दहावीला बसायचंय. बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो त्या लोकांकडेच राहिला. पोलिसात अर्ज दिलाय, प्रतिज्ञापत्र करून शाळेकडे दुसरी प्रत मागितली आहे. सोमवारी बोट लावली की तो पुन्हा शाळेत विचारायला जाणार आहे.