तीन चाकांची बाबागाडी आणि माझे साडेतेरा हजार रुपये

भोसरीतील एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात मी ३१ वर्षे नोकरी केली. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हाताळता हाताळता केस पांढरे झाले, आणि सांधा जुळला नसेल तर माल परत पाठवताना माझा हात कधी कचरला नाही. असा मी, वयाच्या ६४ व्या वर्षी, नातवासाठी घेतलेल्या जुन्या बाबागाडीत साडेतेरा हजार रुपयांना फसलो. हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु ज्या रीतीने मी फसलो ती रीत अजून चालू आहे, हे मला ठाऊक असल्यामुळे सर्व तपशिलाने लिहीत आहे.

आमच्याकडे आधी एक चार चाकांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी होती. घरातल्या फरशीवर ती लोण्यासारखी चालायची. पण कोथरूडच्या पदपथावर, जिथे दर चार पावलांनी एक पेव्हर ब्लॉक वर आलेला किंवा आत गेलेला असतो, तिथे तिची बशीएवढी प्लास्टिकची चाके अडकून बसायची आणि नातू पुढे झुकायचा. तीन चाकांच्या गाडीची गोष्ट वेगळी. १९८४ मध्ये अमेरिकेतील एका पत्रकाराने धावायला जाताना मुलाला सोबत नेता यावे म्हणून सायकलच्या चाकांवर अशी गाडी बांधली, आणि आजही तिचा मूळ आराखडा तोच आहे: मागे १६ इंचांच्या आसपासची दोन चाके, पुढे साधारण १२ इंचांचे एक, तिन्हीत हवा. दांडी किंचित दाबली की पुढचे चाक उचलले जाते आणि गाडी पायरी चढून जाते. नातू नऊ महिन्यांचा झाला होता, मान धरून नीट बसत होता, तेव्हा अशी गाडी घ्यावी असे ठरले. चांगली नवी गाडी चाळीस हजारांच्या घरात जात होती. मुलगा ती घ्यायला तयार होता. दीड-दोन वर्षांच्या वापरासाठी एवढे पैसे कशाला, असे म्हणून मीच मोडता घातला.

जाहिरात मलाच सापडली. ‘मेलबर्नहून कायमचे परत आलो आहोत, मुलगा मोठा झाला, गाडी जेमतेम चार-पाच वेळा वापरली आहे, गरजूंनीच संपर्क करावा.’ किंमत सोळा हजार. फोटो तळघरातल्या पार्किंगमधले, मागे पिवळा-काळा पट्टा रंगवलेला खांब.

पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या गृहसंकुलात संध्याकाळी सात वाजता भेट ठरली. कडेवर दोनेक वर्षांचे मूल घेतलेली तिशीतली एक बाई गाडी घेऊन खाली तळघरात उभी होती. “या काका, नातवासाठी ना? आमच्या बाबांनीही असंच हौसेनं आणलं होतं सगळं,” असे ती म्हणाली. टायर काळेभोर चकचकीत होते. मी गाडी दहा-बारा पावले ढकलून पाहिली, ब्रेक दाबून पाहिला, तिने ती मिटवून आणि उघडून दाखवली. माझ्या खिशात टॉर्च होता. गाडी उलटी करून, गुडघ्यावर बसून खालचा भाग पाहायचा हे मी घरून ठरवूनच निघालो होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “तपासा ना काका, हवं तेवढं तपासा. फक्त याची झोपायची वेळ झालीय.”

या एका वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. तिने मला अडवले नाही. उलट परवानगी दिली, आणि त्याच दमात वेळ काढून घेतला. पेंगुळलेल्या लेकराला ताटकळत ठेवून मी टॉर्च मारत बसलो तर काय दिसेल, या लाजेने टॉर्च खिशातच राहिला. कारखान्यात माल घेऊन येणारा माणूस कधी मूल कडेवर घेऊन आला नव्हता. घासाघीस करून साडेतेरा हजारांवर सौदा झाला. पैसे यूपीआयने पाठवताना पडद्यावर आलेले नाव कोणा व्यक्तीचे नव्हते, शेवटी ‘एंटरप्रायझेस’ असा शब्द होता. मी विचारले. “मिस्टरांचं बिझनेस अकाउंट आहे,” असे उत्तर आले, आणि मला ते पटले.

दुसऱ्याच दिवशी पत्नीने सांगितले, “अहो, ही गाडी सारखी डावीकडे पळतेय.” अशा गाड्यांमध्ये पुढचे चाक रेषेत आणण्यासाठी चाकाजवळ एक फिरवायची कळ असते, ती सरकली असेल असे मला वाटले. चाळिशीचा चष्मा लावून पाहिले तर कळ नव्हतीच. तिच्या जागी दोन रिकामी भोके होती. तरीही ‘थोडी ओढतेय, चालायचेच’ असे म्हणून मी ते सोडून दिले. माणूस एकदा पैसे मोजून बसला की मालाची बाजू घेऊ लागतो, त्यातला हा प्रकार.

दहाव्या-अकराव्या दिवशी सोसायटीच्या फाटकाजवळच्या उतारावर मी ब्रेक दाबून गाडी उभी केली आणि चपलेत गेलेला खडा काढायला वाकलो. गाडी सरळ खाली गेली नाही. ती जागच्या जागी उजव्या मागच्या चाकाभोवती फिरली, तोंड रस्त्याकडे झाले आणि मग सरकू लागली. रखवालदाराने दांडी धरली. नातवाला काही झाले नाही, त्याला तो खेळच वाटला. ब्रेकच्या खुंट्या दोन्ही मागच्या चाकांच्या दात्यांमध्ये एकाच वेळी बसायला हव्यात. आमच्या गाडीत उजवीकडची बसत होती, आणि डावीकडे तिला ओढणारी तार तुटून नळीतच राहिली होती. सपाट फरशीवर एका चाकाचा ब्रेकही गाडी अडवतो, त्यामुळे तळघरात मला काहीच कळले नव्हते.

त्याच दिवशी गाडी आमच्या चौकातल्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी पुढचे चाक हातात धरून आडवे हलवले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि पाना घेतला. चाक बाहेर आल्यावर त्यांनी आसाच्या एका टोकावरून तीन वायसर काढले, दुसऱ्या टोकावरून एक, आणि चारही माझ्या तळहातावर ठेवले. “साहेब, हे लहान मुलांच्या सायकलचं चाक आहे. चिमट्यात बसत नव्हतं म्हणून वायसर भरलेत.” टायरचा आकार तोच, साडेबारा इंची, म्हणून दिसायला काहीच वावगे नव्हते, पण चाक मध्यापासून चांगले चार-पाच मिलिमीटर सरकलेले होते. चिमट्याच्या टोकांना मुळात उंचवटे असणार, म्हणजे चाक धरून ठेवणारी खटक्याची कळ सैल झाली तरी ते लगेच निसटू नये. जाड नट बसावेत म्हणून ते कानशीने घासून टाकले होते. पुढचे चाक चालताना निसटणे ही क्षुल्लक बाब नाही. अमेरिकेत २०१८ च्या फेब्रुवारीत तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नेमक्या याच कारणावरून, खटक्याचे पुढचे चाक सुटून मुले आणि मोठी माणसे जखमी झाल्यामुळे, एका मोठ्या बाबागाडी कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली होती.

मग मी घरी येऊन ते केले जे तळघरात करायला हवे होते. दांडीवरचा फोमचा वेष्टनपट्टा मागे सारला. आत ॲल्युमिनियमच्या नळीला आर्गन वेल्डिंगचा सांधा होता, घासून गुळगुळीत केलेला, वर चंदेरी रंग. असा दुसरा सांधा मुख्य नळीवर, एका मोठ्या स्टिकरखाली निघाला. ॲल्युमिनियमच्या अशा मिश्रधातूंना उष्णता-प्रक्रियेने बळकटी आणलेली असते, आणि नुसते वेल्डिंग करून सोडले की सांध्याच्या आजूबाजूची नळी मऊ पडते. ती पुढे कधी वाकेल किंवा चिरेल ते सांगता येत नाही. एवढे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षे शिकवलेले होते. अनुक्रमांकाची पट्टी खरवडलेली होती. मुलाला बांधण्याच्या पाच टोकांच्या पट्ट्यातला दोन पायांमधून येणारा पट्टा मूळचा नव्हता, हाताने शिवलेला होता.

मेलबर्नची गोष्ट कशी उघडी पडली ते वेगळेच. माझी भाची सिडनीला असते. व्हिडिओ कॉलवर तिला गाडी दाखवत होतो, तर ती म्हणाली, “मामा, ब्रेक लाल का नाहीये? आणि मनगटात अडकवायचा पट्टा कुठंय?” ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या बाबागाड्यांना ब्रेकची कळ लाल रंगाची असणे आणि ढकलणाऱ्याच्या मनगटासाठी दांडीला पट्टा असणे हे सक्तीचे राहिले आहे. आमच्या गाडीचा ब्रेक काळा होता, आणि पट्टा कधी होता याची दांडीवर खूणही नव्हती. गाडी ऑस्ट्रेलियात विकत घेतलेलीच नव्हती. मोडक्या गाड्या भंगाराच्या भावात उचलायच्या, दोन-तीन गाड्यांची मिळून एक करायची, आणि परदेशातून परतलेल्या कुटुंबाची म्हणून विकायची, असा तो धंदा असावा, हे आता स्पष्ट होते. मुलाने जुन्या जाहिराती चाळल्या तेव्हा तोच पिवळा-काळा खांब आणखी तीन जाहिरातींत सापडला. विकणाऱ्यांची नावे वेगळी होती. एक कुटुंब दुबईहून परतलेले होते, एक सिंगापूरहून.

मी फोन केला. पहिल्या वेळी “काका, आम्ही दिली तेव्हा चांगली होती, तुमच्याकडे आपटली असेल,” असे उत्तर मिळाले. दुसऱ्या वेळी फोन लागलाच नाही. संकुलात जाऊन चौकशी केली तर तिने सांगितलेल्या सदनिकेत अशी कोणी बाई राहत नव्हती. तळघरात बाहेरच्या माणसाला शिरायला काही अडचण नसते, मीही तसाच शिरलो होतो.

पोलीस चौकीत अर्ज दिला. तिथल्या हवालदारांनी सौजन्याने वागवले, पण वस्तू तर मिळाली आहे ना, या प्रश्नावर त्यांचे आणि माझे बराच वेळ अडले. खोटे सांगून पैसे काढून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते, हे मी लिहून नेले होते म्हणून अर्ज निदान स्वीकारला गेला. ग्राहक आयोगाचा मार्ग मला अधिक उपयोगी वाटतो. एखाद्या कुटुंबाने घरातली जुनी वस्तू एकदाच विकली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार सहसा मिळत नाही, कारण विकणारा व्यापारी नसतो, आणि ही मंडळी आई-बाबांचे सोंग घेतात त्याचे हेही एक कारण असावे. पण इथे पैसे गेले ते व्यवसायाच्या खात्यात, आणि जाहिराती चार. यूपीआयच्या पावतीवरचे ते नाव, ज्याकडे मी दुर्लक्ष केले होते, तेच आता माझ्या बाजूचा मुख्य पुरावा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करून मग तक्रार दाखल केली आहे.

जुनी गाडी घ्यायचीच असेल तर दिवसाउजेडी आणि विकणाऱ्याच्या घरात जाऊन घ्यावी. फोम आणि स्टिकर यांच्याखाली बोट फिरवून पाहावे. गाडीत आठ-दहा किलोची तांदळाची पिशवी ठेवून ती उतारावर ब्रेक लावून उभी करावी, आणि मोकळ्या फरशीवर हलकेच सोडून ती सरळ जाते का ते पाहावे. प्रत्येक चाक धरून आडवे हलवावे; छर्रे झिजले असतील तर खडखड हाताला कळते. टायरच्या चकाकीवर जाऊ नये, बाजूच्या भिंतीला बारीक चिरा आहेत का ते पाहावे, कारण उन्हात पडून राहिलेल्या रबराला पॉलिश मारले की ते नव्यासारखे दिसते. अनुक्रमांकाची पट्टी खरवडलेली असेल तर तिथूनच परत फिरावे.

मुलाने शेवटी नवी गाडी घेतली, बिलासकट, आणि खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता पाहून. तिची देखभाल माझ्याकडे आहे. तिच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच असल्याने कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. मात्र कॉम्प्रेसरने एवढीशी ट्यूब दोन सेकंदांत फुटू शकते, म्हणून टायरवर छापलेला दाब पाहून मी हातपंपानेच भरतो. सांध्यांना गोडेतेल किंवा इंजिन ऑइल लावत नाही, त्यावर धूळ बसून लगदा होतो. पुसून कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. पावसाळ्यात चिखल झाला की मागची चाके काढून आस पुसतो. दांडीला भाजीची पिशवी अडकवायची नाही, हा नियम पत्नीला पटवणे मात्र सर्वांत कठीण गेले. मूल उचलले की गाडी मागे उलटते, हे तिला एकदा प्रत्यक्ष दाखवावे लागले.

जुनी गाडी आयोगाचा निकाल लागेपर्यंत पुरावा म्हणून ठेवणे भाग आहे. ती मागच्या बाल्कनीत उभी असते. नातू आता धरून चालतो, आणि दोनदा तो तिच्यावर चढताना सापडला, म्हणून मी पुढचे चाक काढून कपाटावर ठेवले आहे, आणि ते चार वायसर एका पाकिटात, तारीख घालून.