स्वयंपाकघरातला डिजिटल काटा: सात महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू साधीच. ५ किलोपर्यंत मोजणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा चपटा काटा. 'आमच्याकडे तेल फारसं नसतंच' या वाक्याला घरात सहसा कोणी उत्तर देत नाही. काटा देतो.

तेल मोजताना प्रत्येक फोडणीचे चमचे मोजू नका, चार दिवसांत कंटाळा येतो. सोमवारी सकाळी तेलाची बरणी काट्यावर ठेवायची, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मधे बरणीत भर घातली असेल तर ती मिळवायची (लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम). तळणाचं उरलेलं तेल वजन करून वजा करायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. म्हणजे चार मोठ्या माणसांना आठवड्याला ७५६ ग्रॅम, आणि तेही तुपासकट. पळी जरा तिरकी झाली की एका फोडणीत २५-३० ग्रॅम सहज पडतं, हे एकदा काट्यावर पाहिलं की हात आपोआप आखडतो. मिठाची बरणीही अशीच मोजावी. माणशी दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा आहे, आणि त्यात लोणचं-पापडातलं मीठही आलं.

खरा धक्का भाजीचा. त्याच मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत; चौघांना अर्धा किलो गवार 'पुरते' तिथे एक तृतीयांश गरजही भागत नाही. मेथीची जुडी निवडण्याआधी आणि नंतर ठेवून पाहा: देठं, माती, पिवळी पानं गेल्यावर जवळपास निम्मीच उरते. म्हणून कोशिंबिरीची काकडी-गाजरं, आमटीतला दुधी, सगळं मोजात धरा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो कच्च्या आणि शिजलेल्या वजनात. १०० ग्रॅम तांदळाचा भात अडीच-तीनशे ग्रॅम भरतो. मार्गदर्शिकेच्या तक्त्यातली धान्य-डाळीची वजनं कच्ची असतात. ती भातावर लावली तर उपाशी राहाल, आणि आठवड्यात 'हे आपल्याला जमणारं नाही' असं म्हणून मोकळे व्हाल. पोळीसाठी ४० ग्रॅमचा कणकेचा गोळा म्हणजे साधारण २५ ग्रॅम पीठ. एक-दोन दिवस गोळे मोजले की अंदाज बसतो, मग मोजायची गरज नाही.

आता काट्याचे दोष. चिमूट-चिमूट घातलेलं तो धरतच नाही: आकडा शून्यावर असताना दाण्याचं कूट हळूहळू भुरभुरलं तर बरेच काटे त्या किरकोळ भाराला पुन्हा शून्यच समजतात. उपाय उलटा आहे. कुटाचा डबाच काट्यावर ठेवा, टेअरचं (आकडा शून्यावर आणणारं) बटण दाबा, हवं तेवढं काढून घ्या. उणे २० दिसलं की २० ग्रॅम निघालं. दुसरा वैताग, दोन मिनिटांत काटा आपोआप बंद होतो आणि भांड्याचं वजा केलेलं वजन विसरतो. रिकाम्या पातेल्याचं वजन त्याच्या बुडाशी मार्करने लिहून ठेवा. मोठं पातेलं ठेवलं की आकडा झाकला जातो, तेव्हा आधी पालथी वाटी आणि तिच्यावर पातेलं ठेवून टेअर करा. गरम कुकर थेट ठेवू नका, आकडा सरकत राहतो. पाणी आत गेलं तर संपलंच. ओल्या फडक्याने पुसायचा, नळाखाली नाही.

शंका आली तर दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, ७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवीत. फार फरक दिसला तर आधी सेल बदला, मग ओटा सपाट आहे का पाहा.

मसाले, औषधं, केकचा सोडा यांसाठी हा काटा निरुपयोगी. १ ग्रॅमच्या मापात तिथे चूक मोठी होते. मोबाईलला जोडणारा महागडा प्रकार घेऊ नये, पेन आणि कॅलेंडर पुरतं. आणि जागा तेलाच्या बरणीशेजारीच असू द्या. वरच्या फळीवर गेलेला काटा पुढे दिवाळीच्या चकलीची भाजणी करतानाच खाली येतो.