पहिल्या रीफ टाकीसाठी ‘ऑल-इन-वन’ संच : वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

घरात खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी प्रथमच मांडणाऱ्यांसाठी टाकी, दिवा, पंप, हीटर, स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातील घाण वरच्या पेल्यात काढणारे यंत्र) आणि गाळणीचे साहित्य एकाच खोक्यात देणारे ‘ऑल-इन-वन’ संच मिळतात. त्यांपैकी १२० लिटरचा एक संच मी गेले वर्षभर वापरते आहे. असे संच अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांची रचना पुष्कळशी सारखीच असते, म्हणून येथे कंपनीचे नाव न घेता त्या रचनेचे गुणदोष सांगते. माझे मत आधीच नोंदवते : काचकाम, मागचे कप्पे आणि दिवा या तीन गोष्टींसाठी हा संच घेण्याजोगा आहे, मात्र पाणी मोजण्याची आणि त्याची क्षारता (मिठाचे प्रमाण) स्थिर ठेवण्याची साधने त्यात एकतर नाहीत किंवा निकृष्ट आहेत, आणि रीफ टाकीत जे काही जगते किंवा मरते ते बहुतांशी याच दोन गोष्टींवर अवलंबून असते.

टाकी ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. ही रुंदी फार मोलाची आहे, कारण अरुंद टाकीत खडक मागच्या काचेला टेकवूनच रचावे लागतात आणि त्यांच्यामागे पाणी साचून राहते. येथे खडकांच्या चारही बाजूंनी पाणी फिरवता येते. वाळू, खडक आणि मागच्या कप्प्यांतील मोकळी जागा वजा केल्यावर प्रत्यक्ष पाणी सुमारे १०० लिटर भरते. सगळे मिळून वजन दीडशे किलोंच्या पुढे जाते, तेव्हा टाकी कोठे ठेवायची हे आधी ठरवावे आणि तळाची पातळी स्पिरिट लेव्हलने तपासूनच पाणी भरावे. सोबतचे स्टँड भक्कम आहे. सर्व वायरी प्लगच्या खाली लोंबत्या ठेवण्यास पुरेशी लांबी आहे, हेही चांगले. वायरीवरून ओघळणारे खारे पाणी प्लगपर्यंत न पोहोचता खालच्या वळणावरून गळून पडते.

मागील बाजूस तीन कप्पे आहेत. पहिल्यात पृष्ठभागावरचा तवंग ओढून घेणारी जाळी आणि गाळणीचा कापूस, दुसऱ्यात स्किमर आणि तिसऱ्यात पाणी पुन्हा टाकीत सोडणारा रिटर्न पंप अशी योजना आहे. बाष्पीभवनामुळे पाणी कमी झाले की त्याचा परिणाम फक्त तिसऱ्या कप्प्यात दिसतो. टाकीतील आणि स्किमरच्या कप्प्यातील पातळी ढळत नाही. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, कारण स्किमर पातळीला अतिशय संवेदनशील असतो आणि दोन सेंटिमीटरच्या फरकानेही त्याचा फेस एकतर पेल्यापर्यंत चढत नाही किंवा उतू जातो. मात्र तिसरा कप्पा इतका लहान ठेवला आहे की दोन दिवस पाणी न घातल्यास पंप हवा ओढू लागतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे पसरतात. त्याहून गंभीर चूक माहितीपुस्तिकेतील आकृतीत आहे : हीटर याच कप्प्यात बसवण्यास सांगितले आहे. पाणी उतरल्यावर हीटरची काच उघडी पडून तडकू शकते. मी तो दुसऱ्या कप्प्यात हलवला आणि तेव्हापासून तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान नीट राहिले आहे.

बाष्पीभवनाचा प्रश्न नवख्यांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. हवेत जाते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच उरते. माझ्या टाकीतून रोज सुमारे दीड लिटर पाणी उडते. तीन दिवस दुर्लक्ष केले तर १०० लिटर पाण्याची दर हजारी ३५ असलेली क्षारता ३६.६ वर जाते, आणि मग एकदम साडेचार लिटर गोडे पाणी ओतले की ती तितक्याच झपाट्याने खाली येते. प्रवाळांना हे चढउतार सोसत नाहीत. गोड्या पाण्याची भर आपोआप घालणारे ऑटो टॉप-ऑफ यंत्र या संचात असायलाच हवे होते. मी पहिले दोन महिने मापाने हाताने पाणी घातले आणि नंतर हे यंत्र वेगळे आणले. माझ्या मते दिव्याखालोखाल सर्वांत उपयोगी वस्तू तीच आहे. भर घालण्यासाठी विरघळलेले क्षार काढणाऱ्या आरओ-डीआय गाळणीतून निघालेले, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) शून्य दाखवणारेच पाणी वापरावे. नळाच्या पाण्यातील सिलिकेट, फॉस्फेट आणि कधी तांबेसुद्धा टाकीत साचत जाते, आणि तांबे गोगलगायी, कोळंबी व प्रवाळ यांना अत्यल्प प्रमाणातही घातक असते.

संचातील सर्वांत निकृष्ट वस्तू म्हणजे हलत्या काट्याचा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर. काट्याला सूक्ष्म बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा अधिक खारे असल्याचे दाखवतो. माझ्याकडे तो विशिष्ट गुरुत्व १.०२५ दाखवत असताना, ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घेतलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणारे साधन) ते १.०२१ भरले, म्हणजे क्षारता जेमतेम २८ होती. पहिली मशरूम प्रवाळे आठवडाभर आक्रसून का बसली होती याचा उलगडा तेव्हा झाला. रिफ्रॅक्टोमीटर फक्त शुद्ध पाण्यावर शून्य करून थांबू नये, ३५ च्या द्रावणावर त्याची पडताळणी करावी, कारण आपल्याला अचूकता हवी असते ती त्याच टोकाला.

मिठाची पिशवी चांगली निघाली. लिटरला सुमारे ३८ ग्रॅम मीठ घातल्यावर क्षारता ३५ येते, द्रावण दोन तासांत स्वच्छ होते आणि अल्कलिनिटी (प्रवाळे सांगाड्यासाठी वापरतात त्या कार्बोनेटांचे माप) ८.५ डीकेएच (तिचे एकक), कॅल्शियम ४३० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या (दर दशलक्षात इतके भाग) आसपास मिळते. पाणी आधी घ्यावे आणि मीठ त्यात हळूहळू सोडावे. मिठावर पाणी ओतले तर तळाशी तीव्र द्रावण होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो, आणि तो पुन्हा विरघळत नाही.

आता ज्या दाव्यामुळे बहुतेक नवखे हा संच घेत असावेत त्याकडे वळते. खोक्यावर ‘दहा दिवसांत टाकी तयार’ असे छापलेले आहे आणि आत, माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची एक बाटली आहे. मी मासे न सोडता अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत नेला, बाटली ओतली आणि रोज मोजणी केली. दहाव्या दिवशी अमोनिया बराच उतरला होता, परंतु नायट्राइट चाचणीच्या सर्वांत गडद रंगावर होते. २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत संपून नायट्राइटही शून्यावर येण्यास ३१ दिवस लागले. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे माशांना नायट्राइटची बाधा गोड्या पाण्यापेक्षा खूपच कमी होते हे खरे आहे. तरी ते चढलेले असणे म्हणजे जिवाणूंची दुसरी फळी अजून बसलेली नाही याची खूण असते. शिवाय या काळातील नायट्रेटची मोजणी विश्वासार्ह नसते, कारण ती चाचणी नायट्रेटचे नायट्राइटमध्ये रूपांतर करूनच रंग दाखवते आणि आधीचे नायट्राइट त्यात मिसळून आकडा फुगतो. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही, उलट ‘नायट्रेट दिसले की मासे सोडा’ असे लिहिले आहे. या एका वाक्यामुळे अनेकांचे मासे नाहक मरत असतील असे मला वाटते. बाटलीने वेळ थोडा वाचला असेल, पण छापलेला दावा मला मान्य नाही.

संचातले खडक कोरडे आहेत. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळटाकी चालवण्याची आपली पद्धत मांडली. त्या जिवंत खडकांवरचे असंख्य सूक्ष्म जीव कोरड्या खडकांबरोबर येत नाहीत. त्याच कारणाने आयप्टेशियासारखी उपद्रवी समुद्रफुलेही येत नाहीत, म्हणून पहिल्या टाकीसाठी मी कोरडे खडकच पसंत करीन. फक्त त्यांच्या उघड्या पृष्ठभागाची किंमत पहिल्या काही महिन्यांत मोजावी लागते. पाचव्या आठवड्यात वाळूवर डायअॅटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर आला आणि आपोआप विरला, त्यामागून केसांसारखे हिरवे शेवाळ आले. येथवर सर्व नेहमीचेच होते. मग पुस्तिकेच्या सांगण्यानुसार मी लोह-ऑक्साइडची फॉस्फेट शोषणारी पूर्ण पुडी एकदम वापरली. आठवड्याभरात फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्य झाले, हिरवे शेवाळ गेले आणि त्याच्या जागी बुडबुडे अडकलेला तपकिरी, चिकट, तंतुमय थर पसरला. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव होते. पोषकद्रव्ये संपली की त्यांचे स्पर्धक उपाशी पडतात आणि ते माजतात. त्यांतील काही जाती विषारी असतात. माझ्या सहा ट्रोकस गोगलगायींपैकी चार त्या पंधरवड्यात गेल्या. पुडी काढून टाकली, खाद्य वाढवले, तीन दिवस दिवा बंद ठेवला आणि नायट्रेट ५ पीपीएम व फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास स्थिर केले, तेव्हा कोठे ते हटले. पुडी वापरायचीच असेल तर चौथाई भाग घालून दर दोन दिवसांनी फॉस्फेट मोजावे. मात्र संचाच्या चाचणीपेटीत फॉस्फेटची चाचणीच नाही, म्हणजे उपाय दिला आहे आणि त्याचे माप दिलेले नाही. अल्कलिनिटीची चाचणीही नाही. जागा अडवायला पीएचची पट्टी आहे, जिचा मला वर्षभरात फारसा उपयोग झाला नाही.

दिव्याबद्दल मात्र मनापासून चांगले लिहिता येते. निळ्या आणि पांढऱ्या एलईडींची तीव्रता वेगवेगळी ठेवता येते, पहाट आणि सांज हळूहळू होते, आणि पंख्याचा आवाज रात्रीच्या शांततेतही कानाला टोचत नाही. प्रवाळांच्या ऊतींमध्ये राहणारी झूझँथेली शैवाले प्रकाशसंश्लेषण करून त्यांना मोठ्या प्रमाणात अन्न पुरवतात, म्हणून दिवा हा या टाकीतला अन्नपुरवठाच आहे. तो अतिरेकी झाला तर तीच शैवाले प्रवाळातून बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ फिकट पडते. कंपनीने ठरवून दिलेली तीव्रता सुरुवातीसाठी फार जास्त आहे. तिच्याखाली माझे लेदर प्रवाळ दहा दिवसांत फिके पडले. मी ती ३५ टक्क्यांवर आणली आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवली. रंग परत यायला दोन महिने लागले.

रिटर्न पंप शांत आहे, पण त्याचा झोत वरच्या थरापुरताच पोहोचतो. खडकांच्या तळाशी गाळ साचू लागल्यावर मी पाणी खेळते ठेवणारा एक लहान वेव्हमेकर पंप जोडला. स्किमर काम चोख करतो. पहिले दहा दिवस तो काहीच काढत नाही, तेव्हा धीर सोडू नये.

पुस्तिका या टाकीत आठ मासे सुचवते. १०० लिटर पाण्यात हे अतिशय जास्त आहे. माझ्याकडे बंदिस्त पैदाशीचे दोन ऑसेलारिस क्लाउनफिश आणि एक लहान गोबी आहे. क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. दोघांतला एक वर्षभरात स्पष्टपणे मोठा झालेला पाहणे हा या छंदातला मला लाभलेला सर्वांत मोठा आनंद आहे.

एका बाबतीत मात्र पुस्तिकेचे मौन अक्षम्य आहे. नवख्यांसाठी सुचवलेल्या प्रवाळांत झोअँथिड पहिल्या क्रमांकावर आहेत. त्यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, आणि त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. ही प्रवाळे हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि ती चिकटलेला खडक कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने घासू नये, कारण त्या वाफेतून आणि तुषारांतून घरातल्या सर्वांनाच विषबाधा होऊ शकते.

सहा महिने दर आठवड्याला १० लिटर पाणी बदलणे पुरेसे होते. नंतर खडकांवर जांभळे कोरलाइन शैवाल चढले, कठीण सांगाड्याचे एक हॅमर प्रवाळ आले, आणि अल्कलिनिटी आठवड्यात ८.५ वरून ७.६ वर येऊ लागली. १० टक्के पाणी बदलून ती फक्त ०.१ ने वाढते, म्हणून आता रोज सकाळी अल्कलिनिटी आणि कॅल्शियम भरून काढणाऱ्या दोन द्रावणांची थोडी मात्रा हाताने घालते. त्यासाठी आपोआप मात्रा सोडणारा डोसिंग पंप बसवायला मागच्या कप्प्यांत जागाच नाही. ज्यांना पुढे कठीण सांगाड्याची, झपाट्याने वाढणारी प्रवाळे ठेवायची आहेत त्यांनी हा संच न घेता खाली स्वतंत्र सम्प (गाळणी व यंत्रे ठेवण्याची वेगळी टाकी) असलेली टाकी घ्यावी. मऊ प्रवाळे आणि दोन-तीन मासे एवढेच ज्यांच्या मनात आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, मात्र टाकीत पाणी भरण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर, ऑटो टॉप-ऑफ आणि अल्कलिनिटी व फॉस्फेटच्या चाचण्या हाताशी आणून ठेवाव्यात.